घरटी एक माणूस

गव्हाणच्या चौकीवरचा शिपाई गावातच राहिला तर घराचे भाडे सरकार देईल, असा हुकूम निघाला. काशिराम बायकोला घेऊन पनवेलच्या पोलीस लाइनीतून गव्हाणला आला. लाइनीत एकच खोली होती, आणि कुडापलीकडे दुसऱ्याचा संसार. इथे दोन खोल्या, मागे परसू. दमयंतीने आल्या आठवड्यातच शेवग्याची फांदी लावली.

घर बुधाजीचे होते. गावात त्याचा शब्द चाले. दार उघडून देताना तो म्हणाला, "दिवालीपर्यंत ऱ्हावा. मंग गाव म्हनंल तसं."

गाव काहीच म्हणत नव्हते, तेच अवघड होते. काशिराम दिसला की ओट्यावरच्या गप्पा थांबत. विहिरीवर बायका दमयंतीला आधी पाणी भरू देत, ती लवकर जावी म्हणून. ती मात्र हंडा भरूनही थांबे. शेवटी बुधाजीची सून हौसा तिच्याशी बोलू लागली. खाडीच्या अंगाला मातीचा बांध होता आणि आत गावाचे सगळे भात. बांधाला खांड पडली, म्हणजे तो फुटला, तर खारे पाणी शिरून जमीन काही वर्षे वाया जाई. म्हणून हाक आली की घरटी एक माणूस जायचाच. "नवरा नसंल तं बायको. सून बालंतीन असंल तं सासू."

"आणि कोणीच नाही गेलं तर?"

हौसा हसली. "मंग त्ये घर गावात हाय कशाला?"

दिवाळी जवळ येऊ लागली. "परत लाइनीतच जाऊ. इथं आपल्याला कोण विचारतंय?" काशिराम म्हणाला. दमयंती परसात पाणी घालायला गेली. शेवग्याला पाने फुटली होती.

सर्वपित्री अमावास्येला दुपारी घरोघर वडे तळत होते. भरतीही तेव्हाच होती. अचानक खाडीकडून हाका ऐकू आल्या. काशिराम चौकीबाहेर धावला, तर फावडी आणि कोयते घेतलेली माणसे पळत येत होती. त्याच आठवड्यात शेजारच्या गावाशी गुरांवरून भांडण झाले होते. त्याने शिट्टी फुंकली आणि बांधाच्या वाटेवर काठी आडवी धरली.

"हत्यारं खाली ठेवा! मारामारी होऊ देणार नाही!"

"कसली मारामारी? खांड परली, वाट सोरा!" बुधाजी ओरडला.

"घाटावरचा हाय रं तो," मागून गावातला जगन म्हणाला. "पानी वरून खालीच जातं, येवढंच त्याला ठावं."

एवढ्यात दमयंती आली. हाताला पीठ, डोक्यावर घमेले, पदर खोचलेला. ती वाकून काठीखालून पलीकडे गेली.

"आमच्या घरचं माणूस आलंय," ती बुधाजीला म्हणाली. मग नवऱ्याकडे वळून, "अहो, बांध फुटलाय. मागं बघा तरी."

काशिरामने मागे पाहिले. खेकड्याच्या बिळापासून सुरू झालेले भोक आता दारापेक्षा रुंद झाले होते. गढूळ पाणी भाताच्या लोंब्यांत शिरत होते. त्याने काठी खाली घेतली.

"उंच मानूस हवा, खुट्या धरायला," बुधाजी म्हणाला. काशिराम खाकीसकट पाण्यात उतरला.

"टोपी काढ, दादा," जगन म्हणाला. "वाहून गेली तं सरकारला काय सांगशील?"

खुट्या ठोकल्या, मध्ये पेंढा कोंबला. बायकांनी घमेल्यांनी चिखल आणला. एक खुटी कमी पडली तेव्हा काशिरामने आपली काठीच पुढे केली.

भरती उतरली, बांध टिकला. काशिराम काठी उपसू लागला.

"ती नको कारू," बुधाजी म्हणाला. "तीच धरून हाय."

दमयंतीने घमेले धुतले. मग धीर करून विचारले, "काका, दिवाळीनंतर घर सोडायचं ना?"

बुधाजीने चिखलाचे हात झटकले. "पुढल्या उधानाला तुमच्या घरचं कोन येनार, त्ये आधी सांग."

दमयंतीने काशिरामकडे पाहिले. तो ओली खाकी पिळत उभा होता.

"जो घरी असेल तो," काशिराम म्हणाला.

"मंग झालं," बुधाजी म्हणाला. "चला, वडे गार झाले."