‘गप’ नावाची कमांड

मृणालने प्रोग्राममधली कमांडांची यादी उघडली आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

“घ्या सर. ‘गप’. घातली.”

धनंजय साहेबांचा चेहरा खुलला. तीन दिवस ते या एका कमांडसाठी तिच्या मागे हात धुऊन लागले होते. भिलाईतल्या कारखान्यांच्या गॅसलाइनी दुरुस्त करण्याचा त्यांचा ठेका, आणि कामावरचे सगळे गॅसमापक मृणालच्या प्रोग्रामला जोडलेले. त्यात चित्रं नाहीत, बटणं नाहीत. काळ्या पडद्यावर शब्द लिहिला की सर्व्हर कामाला लागतो. ‘दाखव’ लिहिलं की गॅसचे आकडे येतात, ‘उतरा’ लिहिलं की भोंगा होतो. गॅस वाढला तर तो आपणहून वाजतो. तयार कोडची लायब्ररी घेतलेली असल्यामुळे नवी कमांड म्हणजे चार ओळींचं काम, असं तिनेच एकदा कौतुकाने साहेबांना सांगितलं होतं. ते आता चांगलंच अंगाशी आलं होतं.

भोंगा वाजला की उंचावरच्या गॅसलाइनींवर काम करणारी अठरा माणसं खाली उतरत आणि तासभर काम बुडे. साहेबांना भोंग्याचं तोंड बंद करणारी कमांड हवी होती.

“मी असलं काही लिहिणार नाही,” ती पहिल्या दिवशी म्हणाली होती.

“तू नाही तं दुसरा कोणी लिहीन. मंग तू बस घरी.”

भिलाईतल्याच जुनवानी भागातल्या घरी जाऊन ती पोटभर रडली होती. रडून झाल्यावर तिला राग आला, आणि रागात मृणालचा कोड फार नीटनेटका होतो.

सव्वाअकराला भोंगा वाजला.

“बबलू, लिही ‘गप’,” साहेब म्हणाले.

“हो साहेब.”

बबलू ऑपरेटर पंचेचाळिशीचा. वीस वर्षांत त्याच्या तोंडून साहेबांनी याखेरीज दुसरं काही ऐकलं नव्हतं. वर काम करणाऱ्यांपैकी निम्मे त्याच्याच खुर्सीपार वस्तीतले. त्याने कमांड लिहिली आणि पडद्यावर आलं ते मोठ्याने वाचलं.

“‘कोणाच्या हुकमावरून? पूर्ण नाव लिहा. हे नाव सगळ्या मापकांवर दिसेल.’”

“हे काय करून ठेवलं?”

“तुम्ही सांगितलं तेच, सर. नाव लिहिलं की भोंगा बंद.”

“बबलू, टाक तुहं नाव.”

बबलूने तळहात पँटला पुसले. मग कीबोर्ड उचलून साहेबांपुढे ठेवला.

“मी कावून टाकू साहेब? हुकूम तं तुमचा हाय.”

साहेबांनी रागाने स्वतःचं नाव लिहिलं. बोट एंटरवर गेलं. कमांड खोटी नव्हती. एंटर दाबलं असतं तर भोंगा खरंच गप झाला असता, आणि त्या चार ओळी मृणालच्या होत्या. माणूस स्वतःच्या नावाला भिईल, एवढ्याच भरवशावर तिने त्या लिहिल्या होत्या. भोंगा ओरडत होता.

साहेबांनी बोट उचललं. एकेक अक्षर खोडलं आणि फोन घेतला.

“उतरवा सगळ्यांना.”

फोन ठेवून ते तिच्याकडे वळले.

“तो प्रश्न काढ. आत्ता. नुसती कमांड ठेव, अन् उद्यापासून नोको येऊ.”

“काढते.”

तिने कीबोर्ड ओढून घेतला आणि ‘काढ गप’ असं लिहिलं. पडद्याने तिलाही नाव विचारलं. तिने क्षणभरही न थांबता नाव लिहिलं आणि एंटर मारलं.

“अबे, प्रश्न काढ म्हटलं होतं मी! कमांड नाही!”

शिडीवरून उतरणारी माणसं मापकांपाशी थबकली. तिथून कोणीतरी बबलूला फोन लावला.

“काय लिहून आलं रे?” बबलूने विचारलं, आणि ऐकता ऐकता खुर्चीवरून उठून उभा राहिला. “हो, बरोबर वाचलं. ‘गप काढून टाकली. मृणाल नरहरी वानखडे.’ हो, इथंच हायेत मॅडम.”