न कापलेली पानं
मी दिलेलं पुस्तक आवडलं नाही असं पोर ब्रेस्तोवोत अजून जन्माला यायचंय, असं मी सव्वीस वर्षं सगळ्यांना ऐकवत आले. आमच्या चितालिश्तेत, म्हणजे गावच्या सांस्कृतिक केंद्रात, एका बाजूला नाचगाण्याचा हॉल, दुसऱ्या बाजूला वाचनालय, आणि त्यातला मुलांचा विभाग माझा. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी मी दहा पुस्तकांची यादी दारावर लावते. शाळेच्या यादीला पोरं नाकं मुरडतात, माझ्या यादीसाठी रांग लावतात. आहे मला गर्व, आणि तो मी लपवत नाही.

यंदा जिल्ह्याच्या ग्रंथालयाने ठरवलं की कुठल्यातरी एका गावाची यादी छापायची आणि जिल्हाभर पाठवायची, खाली निवडणाऱ्याच्या नावासकट. पुढच्या वर्षी मी निवृत्त होतेय. एकदा, फक्त एकदाच, माझं नाव गावाबाहेर जावं असं मला फार वाटत होतं. शेवटच्या दोन याद्यांत आमची यादी होती, आणि ती पारखायला जिल्हा ग्रंथालयाच्या गेनोवेवा मॅडम स्वतः आल्या. मी पहाटे उठून चीज भरलेली बानित्सा भाजली होती. मॅडमनी दोन तुकडे खाल्ले, तेव्हा मला निम्मी लढाई जिंकल्यासारखं वाटलं.

"पहिल्या नंबरावर हे जाडजूड पुस्तक का?" त्यांनी विचारलं.

"बक्षीसपात्र आहे, मॅडम. पण बक्षिसाचं सोडा, कार्ड बघा. एकोणीस मुलांनी नेलंय. आणि परत देताना एकोणीसही जण म्हणाले, लई भारी!"

तेवढ्यात रादोस्तिना आत आली. बेकरीवाल्या चाकारोवांची धाकटी, चौथीतली. सोनेरी कव्हरचं तेच पुस्तक तिच्या काखेत होतं.

"ही बघा विसावी!" मी म्हणाले.

"लेल्या नेदका, कात्री आहे का?" तिने विचारलं. गावातली सगळी पोरं मला लेल्या, म्हणजे मावशी, म्हणतात.

"कात्री कशाला गं आत्ता?"

"बेचाळीसपाशी पानं जोडलेलीच आहेत. छापखान्यात कापायची राहिली असतील. तुम्हाला न विचारता कशी कापू?"

मॅडमनी पुस्तक हातात घेतलं. बेचाळीस-त्रेचाळीस बंद. पुढे अठ्ठावन्नपाशीही तेच. त्यांनी कार्ड बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. माझे कान तापले.

"म्हणजे एकोणीस जणांनी..." मी पुटपुटले.

"पुढे कुणी गेलंच नाही," रादोस्तिना म्हणाली. "तुम्हाला वाईट वाटेल ना, म्हणून सगळे भारी म्हणतात. माझा भाऊपण."

"आणि तू गं शहाणे?"

"मीपण तेच म्हणणार होते. पण या बाई ते सगळीकडे पाठवणार ना? मग जिल्ह्यातल्या सगळ्या पोरांना खोटं बोलावं लागेल."

मॅडम हसल्या नाहीत. "नेदका, तुम्ही वाचलंय हे?"

घरी माझी वेगळी प्रत आहे, असं म्हणता आलं असतं. ओठांवर आलंही होतं. पण समोर ही पोर उभी होती, डोळे मोठे करून, कात्रीची वाट बघत.

"नाही वाचलं," मी म्हणाले. "बक्षीस मिळालं म्हणून यादीत घातलं. काढून टाका."

मॅडमनी ते नाव खोडलं. पेनाची ती एक रेघ मला फार लांब वाटली. "उरलेली नऊ?"

मी तोंड उघडायच्या आत रादोस्तिनाच बोलायला लागली. दीपगृहातल्या शेळीचं पुस्तक रडवतं, पण रात्री वाचू नका, मग झोप येत नाही. खाणकामगाराच्या पोरीचं पहिली तीस पानं कंटाळवाणं, दम धरा, पुढे जेवायलासुद्धा उठवत नाही. कोड्यांचं मोठ्यांना देऊ नका, ते उत्तर आधी बघतात. एकेक करून नऊच्या नऊ झाली. मधेच मॅडमनी एका पुस्तकाची बाजू घेतली, तर ही त्यांच्याशी भांडली आणि पान काढून दाखवलं. मॅडम वही काढून लिहून घ्यायला लागल्या! मला रडू येत होतं आणि हसूही. हिला लहानपणापासून मी पुस्तकं देत आले. आणि आज हिने मला, वर जिल्ह्याच्या मॅडमनाही, तोंडावर खोटं ठरवलं होतं.

"यादी नऊचीच छापू," मॅडम म्हणाल्या. "आणि ही जे बोलली ते प्रत्येक पुस्तकाखाली जसंच्या तसं. निवडणाऱ्याचं नाव? एकच बसतं तिथे."

"लेल्या नेदका द्रागीएवा!" रादोस्तिना ओरडली.

"गप गं, मोठ्यांच्या मधे बोलू नये," मी दटावलं, आणि मॅडमसमोर सरळ उभी राहिले. "लिहा. रादोस्तिना चाकारोवा, चौथी ब. ही आमच्या वाचनालयातली आहे."