आतलं कुंकू

फारूक अरबाबांना जुन्या पिस्तुलांचा शौक आहे, असं कुवेतच्या शुवैख भागातल्या त्या अख्ख्या गल्लीत बोललं जायचं. गल्लीला काय, बोलायला काहीतरी हवंच असतं. शौक वगैरे काही नव्हता. माणूस आपल्या बापाचं पिस्तूल शोधत होता.

परीक्षितला हे कळलं ते त्याच्या कामामुळे. परीक्षित पुण्याचा, तपासणी इंजिनियर. अरबाब म्हणजे मालक; त्यांच्या वर्कशॉपमध्ये तेलकंपन्यांचे व्हॉल्व्ह दुरुस्तीला यायचे, ते मापून पास-नापास करायचे हे त्याचं काम. हात स्थिर, नजर तीक्ष्ण, आणि त्या नजरेचा गर्वही जरा जास्तच. एकदा अरबाबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं, फडक्यात गुंडाळलेलं एक जर्मन लुगर टेबलावर ठेवलं आणि हिंदीत विचारलं, "मोहंदिस, सांग, हे कुठल्या कारखान्याचं?" मोहंदिस म्हणजे इंजिनियर. अरबाब त्याला नावानं कधी हाक मारत नसत.

आता लुगरची गंमत अशी, की पिस्तूल एकच आणि बनवणारे अनेक. बर्लिनचा खासगी कारखाना, एर्फुर्टचा सरकारी कारखाना, पुढं माउझरवाले. एक गोळी सुटली की दुसरी आपोआप जागेवर येणारं, शंभर वर्षांपूर्वीच्या डोक्यातून निघालेलं ते यंत्र पाहून परीक्षित हरखला. त्यानं भिंग लावलं, कुठला शिक्का कोणाचा ते शिकून घेतलं आणि तेव्हापासून अरबाब खरेदीला निघाले की मागच्या सीटवर परीक्षित ठरलेला.

"तुम्ही मुकुटवालंच का बघता नेहमी?" त्यानं एकदा गाडीत विचारलं. मुकुटाचा शिक्का एर्फुर्टचा.

अरबाबांनी रस्त्यावरची नजर हलवली नाही. "माझ्या बापाचं तसं होतं. इराकी शिपाई वर्कशॉपमध्ये आले, म्हणाले, पिस्तूल काढ. सगळ्यांना ठाऊक होतं त्याच्याकडे आहे. बाप म्हणाला, देतो. त्यांच्यासमोर कपाट उघडलं तर आत काही नाही. कोणीतरी आधीच उचललेलं. त्यांना वाटलं, म्हातारा लपवतोय. घेऊन गेले." गिअर बदलत ते म्हणाले, "मी तेव्हा कैरोत शिकत होतो. बाप परत आला नाही. मला विचारशील तर शिपायांनी नाही मारलं त्याला. ज्यानं पिस्तूल उचललं, त्यानं मारलं."

"आणि तो सापडला तर?"

"पोलिसांत नाही देणार. माझ्या बापाला कोणी कोर्टात नेलं नव्हतं."

हे त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं. पण त्या दिवसापासून त्याच्या कामातली मजा गेली ती गेलीच. एखाद्या दुकानात मुकुटाचा शिक्का दिसला की पलीकडे उभा असलेला माणूस जगणार की नाही, हे आपण भिंगातून बघतोय असं त्याला वाटायचं. नशीब एवढंच, की अरबाबांना पिस्तुलाचा नंबर माहीत नव्हता, आणि एर्फुर्टनं मुकुटवाली पिस्तुलं ढिगानं काढली होती. खूण सापडत नव्हती, तोवर सगळे सुखरूप होते.

आता रामभाऊंबद्दल सांगायला हवं. रामभाऊ म्हणजे परीक्षितचे सासरे, नाशिकचे, आणि थोरल्या अरबाबांच्या, फारूकच्या वडिलांच्या, वेळचे त्याच वर्कशॉपचे फोरमन. थोरल्या अरबाबांचा उजवा हात म्हणा ना. नव्वद साली इराकी घुसल्यावर बायको-मुलीला घेऊन ते जॉर्डनमार्गे घरी पोचले आणि पुन्हा कुवेतकडे फिरकले नाहीत. जावयाची नोकरी मात्र त्यांच्याच एका फोनवर झाली. फारूक अरबाब म्हणाले होते, रामभाऊंचा माणूस तो माझा माणूस.

त्या पळापळीची गोष्ट परीक्षितची बायको चारुशीला फार रंगवून सांगायची. "आमच्या अब्बासियातून बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं निघालेली, गाडी कोणाला मिळत नव्हती. बाबा सकाळी शुवैखला गेले, आणि दुपारी बघतो तर काय, दारात ट्रकच घेऊन हजर. ट्रकवाल्याला काय दिलं ते आजतागायत सांगितलं नाही त्यांनी." सांगताना तिचा चेहरा अभिमानानं फुलायचा. बापच तसा हिकमती, त्याला कोण काय करणार.

चारुशीलेला दिवस गेले, नववा लागला, आणि रामभाऊ-कुसुमताई नाइलाजानं व्हिजिट व्हिसावर आले. नाइलाज रामभाऊंचा, कुसुमताई तर आनंदानंच आल्या. दसरा जवळ होता. रामभाऊंची एक जन्माची खोड होती. खंडेनवमी-दसऱ्याला हत्यारांना, यंत्रांना हळद-कुंकू सगळेच लावतात, हे बाहेरून लावून थांबायचे नाहीत. "बाहेरचं तेलाच्या हातानं पुसून जातं. आतलं राहतं," म्हणायचे, आणि यंत्राचं झाकण उघडून आत चिमूटभर सोडायचे. लेथच्या पोटात कुंकू, स्कूटरच्या बॅटरीखाली कुंकू. आल्या आल्या त्यांनी लेकीच्या शिलाई मशीनचं झाकण काढून आत बोट टेकवलं आणि जावयाच्या मायक्रोमीटरची डबीही सोडली नाही. परीक्षित हसला होता. "बाबा, माप चुकेल माझं," म्हणाला होता.

त्याच आठवड्यात अरबाबांनी गाडी हवल्लीला नेली. रियाज नावाच्या घड्याळवाल्यानं निरोप पाठवला होता. दुकानामागच्या खोलीत त्यानं ट्यूबलाइट लावली आणि टेबलावर दोन लुगर मांडली. एकावर बर्लिनवाल्यांची गुंतवलेली अक्षरं. दुसऱ्यावर मुकुट.

"हे कुठून आलं?" अरबाबांनी मुकुटवाल्याकडे बोट दाखवलं. हा प्रश्न ते प्रत्येकाला विचारत.

"त्या दिवसांत मी ट्रक चालवायचो, सरहद्दीपर्यंत," रियाज म्हणाला. "लोक भाड्यापोटी काय वाट्टेल ते द्यायचे. घड्याळं, टीव्ही. हे कोणा हिंदुस्थानी माणसानं दिलं. तोंड कोणाचं लक्षात राहतं, साहेब? रोज शंभर तोंडं."

परीक्षितनं भिंग काढलं. आधी बर्लिनचं घेतलं. काम रेशमासारखं, कानसीचा ओरखडा शोधून सापडत नव्हता, आणि बारीक भागांवर भट्टीतला पिवळसर रंग अजून टिकलेला. मग एर्फुर्टचं. ते घाईच्या, युद्धाच्या काळातलं. हत्याराच्या खुणा उघड्या दिसत होत्या, पण तपासनीस असा खट, की प्रत्येक चिमुकल्या तुकड्यावर शिक्का मारून ठेवलेला. परीक्षितला तो तपासनीस आपल्या जातकुळीतला वाटायचा. सगळ्या भागांवरचे आकडे एकमेकांशी जुळत होते. मुठीच्या लाकडामागचाही आकडा बघावा म्हणून त्यानं डाव्या बाजूचा स्क्रू सोडला आणि लाकडी फळी उचलली.

आत, जुन्या तेलात थिजलेलं, लाल काहीतरी होतं.

गंज, असं त्याला पहिल्यांदा वाटलं. पण गंज आयुष्यभर पाहिलेला माणूस तो. गंज तपकिरी असतो, पापुद्रा धरतो. हे बोटाच्या पेराएवढं गोल टेकवलेलं होतं. असलंच बोट त्यानं चार दिवसांपूर्वी शिलाई मशीनच्या पोटात पाहिलं होतं. त्या खोलीत हे काय आहे ते ओळखणारा माणूस एकच होता, आणि तो इथं भिंग धरून बसला होता.

ट्रक. दुपारी दारात उभा राहिलेला ट्रक. बायकोची ती लाडकी गोष्ट.

"काय आहे?" अरबाब मागून वाकले.

"गंज," परीक्षित म्हणाला. त्यानं फडकं घेतलं आणि लाल डाग पुसला. पांढऱ्या फडक्यावर तो पसरला.

"इतका लाल?"

"जुना आहे, तेलात भिजलाय." त्यानं फडकं टेबलावर टाकलं. उजवी फळी उघडायची त्याची हिंमत झाली नाही. अरबाब बघत होते, आणि पुन्हा लाल निघालं तर पुन्हा गंज कसा म्हणायचं? त्यानं डाव्या बाजूचा स्क्रू आवळला. "याला आतून कीड लागलीय. बर्लिनचं घ्या, अरबाब. काम बघा ना त्याचं. एर्फुर्ट यापुढे काहीच नाही."

"तू म्हणतोस तर तेच," अरबाब म्हणाले. रिकाम्या हातानं ते कुठूनच परतत नसत, नाहीतर बाजाराला संशय आला असता. रियाजनं बर्लिनचं पिस्तूल गुंडाळून दिलं. मुकुटवालं पुन्हा त्याच्या कपाटात गेलं. निघताना अरबाबांनी टेबलावरचं ते फडकं उचललं, बघितलं आणि खिशात टाकलं. हात पुसायला घेतलं असेल, असं परीक्षितनं स्वतःला समजावलं.

घरी रामभाऊ नातवंडासाठी लाकडी खुळखुळा तासत बसले होते. त्यांना बघून परीक्षितच्या मनात पहिल्यांदा राग आला, भीती नंतर. अहो, बायकापोरांना वाचवायला माणूस काय करणार नाही? ते त्याला पटत होतं. कपाट रिकामं सापडल्यावर काय होईल हे रामभाऊंना तेव्हा कुठून कळणार? तेही पटत होतं. पण त्याच मालकाच्या पोराकडं जावयाला नोकरीला लावताना यांची जीभ जड झाली नाही?

"बाबा, दसऱ्याला वर्कशॉपला नका येऊ," तो म्हणाला. "बरं नाही म्हणून सांगा."

"अरबाबांनी स्वतः बोलावलंय, जावईबापू. लेथची पूजा माझ्या हातची पाहिजे म्हणाले. का हो?"

का ते सांगायला हवं होतं. तिथंच, तेव्हाच. पण शेजारी कुसुमताई लाडू वळत होत्या, चारुशीला पोटावर हात ठेवून हसत होती, आणि सासऱ्याला त्याच्या लेकीदेखत चोर म्हणण्याइतकी जीभ आपल्याकडच्या जावयाला देवानं दिलेली नाही. जावयानं रुसावं, मान घ्यावा, सासऱ्याचा हिशेब मागू नये. "काही नाही, दगदग होईल म्हणून," एवढंच तो बोलला. उद्या एकटे सापडले की सांगू, असं त्यानं ठरवलं. रामभाऊ एकटे काही सापडले नाहीत, आणि खरं सांगायचं तर यानंही फारसे शोधले नाहीत.

दसऱ्याला जेवणाच्या सुट्टीत लेथ बंद झाले. कामगारांनी झेंडूच्या माळा चढवल्या. रामभाऊ इतक्या वर्षांनी आपल्या जागेवर उभे होते, डोळे भरून आले होते त्यांचे. यायला नाखूश असलेल्या माणसाचं अवघडलेपण कुठल्या कुठं गेलं. सगळ्या यंत्रांना नाव घेऊन हाका मारत, झाकणं उघडत, ते चिमटी सोडत चालले होते. परीक्षितच्या मनात आलं, निभावलं. एवढं पार पडलं की आज संध्याकाळी सगळं सांगून टाकायचं आणि पहिल्या विमानानं यांना नाशिकला पाठवायचं.

तेवढ्यात फारूक अरबाब केबिनमधून आले. हातात बर्लिनचं लुगर होतं.

"रामभाऊ, तुम्ही हत्यारांचीही पूजा करता ना? याची करा."

"बाबा, बाहेरूनच लावा," परीक्षित मराठीत पटकन बोलला. "उघडू नका."

पण जित्याची खोड. रामभाऊंनी ऐकलंच नसावं, किंवा त्यांना वाटलं असेल, जावई महागाच्या वस्तूला जपतोय. त्यांनी खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला. पिस्तूल त्यांच्या हातात असं बसलं, की ते पहिल्यांदा धरतायत असं कोणी म्हटलं नसतं. कुठला खटका आधी दाबायचा, फळी कुठून उचलायची, हात आपसूक चालले होते. डावी फळी निघाली. त्यांनी आत बोट टेकवलं.

"आत कशाला?" अरबाबांनी विचारलं.

"आतलं पुसलं जात नाही, अरबाब," रामभाऊ हसून म्हणाले. त्यांनी फळी बसवली, पिस्तूल उलटं केलं आणि दुसऱ्या बाजूचा स्क्रू सोडायला घेतला.

"दोन्ही बाजूंना?"

"दोन्ही बाजूंना. थोरल्या अरबाबांचं साफ करायला माझ्याकडेच यायचं ना दरवर्षी, तेव्हाही मी..."

स्क्रूड्रायव्हर हातात तसाच राहिला. कामगार पेढे वाटत होते, कोणाचं लक्ष नव्हतं.

अरबाबांनी खिशात हात घालून ते फडकं काढलं आणि लेथवर पसरलं. रामभाऊंचं कुंकवाचं बोट त्यांनी मनगट धरून हळूच त्या डागाशेजारी टेकवलं. दोन्ही लाल सारखेच होते. मग ते परीक्षितकडे वळले. चेहऱ्यावर राग नव्हता, आणि नेमकं त्याचंच परीक्षितला भय वाटलं.

"मोहंदिस, गाडी काढ. हवल्लीला जाऊ. त्या पिस्तुलाची उजवी बाजू तू उघडलीच नव्हतीस."

"अरबाब, घरी सगळे जेवायला थांबलेत," परीक्षित म्हणाला.

"थांबू देत. रामभाऊ, तुम्हीही चला. रियाजला तोंडं आठवत नाहीत म्हणतो. समोर बघितलं की आठवेल."

रामभाऊंनी एकदा जावयाकडे बघितलं. "तुम्हाला ठाऊक होतं?" त्यांनी मराठीत विचारलं. परीक्षितनं मान खाली घातली. रामभाऊंनी अर्धवट सुटलेला स्क्रू नीट आवळला, पिस्तूल अरबाबांच्या हातात दिलं आणि गाडीकडे चालू लागले.