धोंडबाचं जाकीट

मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी सहा वाजता, भिलाईच्या सेक्टर ६ मधल्या एका क्वार्टरसमोर नवराबायकोत वाद जुंपला होता. कारण होतं स्कूटरची सीट.

तेजराम बावणे नुकतेच पोलाद कारखान्यातून निवृत्त झाले होते. चौतीस वर्षं वेल्डिंग करण्यात गेली. त्यांच्या जुन्या स्कूटरची सीट फाटली होती, आणि त्या सीटवर त्यांनी एक नारिंगी लाइफ जॅकेट सुतळीने घट्ट बांधलं होतं. बसायला मऊ होतं, शिवाय फुकटचं.

"अजी, हे दादानं बसाले देल्लं का?" सिंधुताईंनी विचारलं.

"मंग कायले देल्लं?"

"डोंग्यात अंगात घालाले. दोन देल्ले होते. दुसरं कुठी हाय?"

दुसरं दिवाणावर होतं. त्यावर डोकं ठेवून नात भूमिका शाळेचा अभ्यास करायची.

सिंधुताईंचं माहेर भिलाईहून दीड तासावर, एका मोठ्या जलाशयाच्या काठी होतं. त्यांचे थोरले भाऊ आनंदराव तिथल्या मच्छीमार समितीचे अध्यक्ष होते. तेजराम मूळचे भंडाऱ्याकडचे, धीवराच्या घरातले. बापाचं जाळं खांद्यावर घेऊन ते लहानपणी तलाव तुडवत फिरले होते. निवृत्तीनंतर त्यांनी समितीत नाव घातलं, घरच्या अंगणात लोखंडी पत्रे जोडून स्वतःच्या हाताने डोंगा, म्हणजे छोटी होडी, तयार केला, टेम्पोतून जलाशयावर नेऊन ठेवला आणि दर रविवारी ते पाण्यावर जाऊ लागले. त्या वर्षी समितीने नियम केला होता की, डोंग्यात जितकी माणसं तितकी जॅकेटं, दोरी बांधलेली एक रबरी ट्यूब, पाणी उपसायला डबा आणि एक शिट्टी असल्याशिवाय कोणी पाण्यात उतरायचं नाही. तेजरामांनी सही करून सगळं सामान घेतलं होतं. शिट्टी भूमिकाच्या खेळण्यांत गेली. डब्यात तुळस लावली होती. ट्यूब कुठे होती, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

"मी धीवराचं पोरगं आहो," तेजराम म्हणाले. "मासा कधी जाकीट घालते का?"

"आबाजी, रूल तो रूल है ना," दारातून भूमिका म्हणाली. "आमाले स्कूल में बिना हेल्मेट स्कूटीवरही बसू देत नाही."

तेवढ्यात शेजारचे धोंडबा ठवकर पिशवी घेऊन आले. धोंडबा कारखान्याच्या टाइम ऑफिसातून निवृत्त झालेले कारकून होते. अंगाने काडी, स्वभावाने गरीब. पोहणं तर सोडाच, त्यांना तळ्याच्या पायरीवर उभं राहायलाही भीती वाटायची. पण ताज्या माशांवर त्यांचा फार जीव. म्हणून ते त्या दिवशी पहिल्यांदाच तेजरामांबरोबर निघाले होते.

सिंधुताईंनी सुतळी कापली, सीटवरचं जॅकेट काढलं, दिवाणावरचंही आणलं आणि दोन्ही जॅकेटं धोंडबांच्या हातात दिली. "भाऊजी, यायनं नाही घातलं तं नाही. तुमी घाला. माह्यासमोर घाला."

बिचाऱ्या धोंडबांनी तिथेच एक अंगात चढवलं. सगळे पट्टे आवळले आणि दीड तास स्कूटरवर ते तसेच बसून राहिले. रस्त्याने लोक वळून पाहत होते. दुसरं जॅकेट तेजरामांनी पुन्हा सीटवर टाकलं आणि जलाशयाच्या काठावर पोचल्यावर स्कूटरसकट झाडाखाली सोडून दिलं.

सकाळ छान गेली. जाळ्यात रोहू सापडले, कतला सापडले. धोंडबा प्रत्येक माशाला हात लावून पाहत होते आणि लहान पोरासारखे हसत होते. अकराच्या सुमाराला बाकीचे डोंगे काठाकडे वळले. पश्चिमेला आभाळ मातकट झालं होतं. जाता जाता प्रवीण नावाच्या तरुण मच्छीमाराने हाक दिली, "काकाजी, चला आता. आंधी येऊन राहिली."

"हे एक जाळं काढतो अन् येतो," तेजराम म्हणाले.

ते एक जाळं काढायला वीस मिनिटं लागली. मोठ्या पाण्याची हीच गोष्ट आहे, मंडळी. गावच्या तळ्यात वारा सुटला तर पाण्यावर सुरकुत्या पडतात. जिथे पलीकडचा काठ दिसत नाही तिथे त्याच वाऱ्याच्या लाटा होतात. पहिली लाट डोंग्याच्या कडेवरून आत आली तेव्हा तेजराम हसले. दुसरी आली तेव्हा डबा शोधू लागले. डबा भिलाईत होता. धोंडबा टिफिनच्या झाकणाने पाणी उपसू लागले. झाकणाने किती पाणी निघणार? लोखंडी डोंगा हळूहळू जड झाला, एका बाजूला कलला आणि दोघांच्या पायांखालून सरळ तळाला गेला.

तेजराम पाण्यात पडले ते जाळ्यातच. डावा पाय अडकला. त्यांनी झटके देऊन पाय सोडवला खरा, पण पोटरीत असा गोळा आला की पाय लाकडासारखा झाला. नाकातोंडात पाणी गेलं. साठ वर्षांचं शरीर आणि सोळा वर्षांची आठवण यांच्यात केवढं अंतर असतं, ते त्यांना त्या क्षणी कळलं. ते खाली जाऊ लागले.

तेवढ्यात कोणीतरी त्यांच्या शर्टाची कॉलर धरली. धोंडबा. डोळे गच्च मिटलेले, तोंडाने रामराम चाललेला, पण पाण्यावर बुचासारखे तरंगत होते.

"धर मले," धोंडबा ओरडले. "तेजराम, माहा पट्टा धर."

तेजरामांनी दोन्ही हातांनी जॅकेटचा खांद्याचा पट्टा धरला. लाट आली की दोघे खाली जात आणि पुन्हा वर येत. किती वेळ गेला कोण जाणे. काठावरून प्रवीणला मातकट पाण्यात एक नारिंगी ठिपका दिसला, आणि वारा जरा पडताच तो दोघा साथीदारांसह डोंगा घेऊन आला. त्यांच्या अंगात जॅकेटं होती.

इथवर जे झालं ते कोणाच्याही बाबतीत होऊ शकतं. तेजरामांची खरी चूक पुढे झाली.

काठावर घोंगडी पांघरून दोघे बसले, लोक जमले. प्रवीणने सहज विचारलं, "काकाजी, धोंडबाकाकांले तुमीच धरून ठेवलं होतं ना?"

तेजरामांनी धोंडबांकडे पाहिलं. धोंडबा थरथरत चहा पीत होते. एका शब्दात खरं सांगता आलं असतं. पण भोवती तीस-चाळीस माणसं होती, सगळी पाण्यावर वाढलेली.

"हो ना," तेजराम म्हणाले. "सोडून कसा देईन? त्याले कुठी पोहता येते."

धोंडबांनी पेल्यावरून वर पाहिलं. मग पेला पुन्हा तोंडाला लावला.

गावात तेजरामांचं नाव झालं. भिलाईत सेक्टरभर बातमी पसरली. भाजीबाजारात लोक थांबवून विचारू लागले. बुडालेला डोंगा समितीच्या पोरांनी गळ टाकून काढून दिला, टेम्पोत घालून अंगणात आणून ठेवला आणि मोबदल्यात फक्त तेजरामकाकांबरोबर फोटो मागितला. पहिले चार दिवस तेजरामांना हे गोड लागलं. मग धोंडबा समोरून आले की ते उगाच बुटाची लेस बांधायला वाकू लागले.

पंधरा दिवसांनी आनंदरावांचा फोन आला. सिंधुताई भाकरी थापत होत्या, म्हणून फोन स्पीकरवर होता.

"बाई, मी तं थकलो," आनंदराव सांगत होते. "प्रवीण अन् त्याची पार्टी जाकीट परत करून राहिली. म्हनते, तेजरामकाकांनं विना जाकिटानं दुसऱ्याले वाचवलं, आमी तं जवान आहो, आमाले कायले पाहिजे? आता काय सांगू मी यायले?"

फोन बंद झाला. सिंधुताईंनी भाकरी तव्यावर टाकली, हात धुतले आणि नवऱ्यासमोर येऊन बसल्या.

"धोंडबाभाऊजींच्या खांद्यावर काळेनिळे वळ होते," त्या शांतपणे म्हणाल्या. "मी त्याच दिवशी पायलं. पट्टा वढून वढून पडलेले. बुडनारे भाऊजी असते, तं वळ तुमच्या अंगावर पाहिजे होते."

तेजरामांची मान खाली गेली.

"मले एक सांगा. प्लांटमंदी उंचावर वेल्डिंगले चढत होते तं कमरेले बेल्ट लावत होते ना?"

"रोज."

"कावून? तुमाले चढता येत नव्हतं म्हून?"

तेजरामांनी नकारार्थी मान हलवली.

"चढता येनाऱ्याचाही पाय घसरते म्हून लावत होते. मंग पोहता येनाऱ्याचा पाय आखडत नाही का? तिथी साहेब पाहत होता, इथी कोनी पाहत नाही, एवढाच फरक हाय. पन मले त्या जाकिटाचा राग नाही. मानूस चुकते. राग याचा हाय का, तुमच्या एका खोट्या शब्दापायी प्रवीणसारखे पोरं पान्यात उघडे उतरनार हायत. उद्या त्यातला एखादा बुडला तं त्याच्या मायले तुमी काय सांगसान?"

तव्यावरची भाकरी करपली. तिकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

तेजराम उठले, चप्पल घातली आणि शेजारी गेले. धोंडबा ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा सोलत बसले होते.

"धोंडबा, मी खोटं बोललो. तू कावून गप्प राहिला?"

"कोन विश्वास ठेवतं बे?" धोंडबा म्हणाले. "मले सोताले अजून वाटून राहिलं का सपन होतं." मग जरा थांबून हळूच म्हणाले, "पन थोडं वाईट वाटलं. जिंदगीत एकच बहादुरी केली, तेही तू घेऊन गेला."

तेजरामांचे डोळे भरून आले, आणि दुसऱ्या क्षणी दोघेही इतके हसले की शेंगदाणे अंगणभर पांगले.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत तेजरामांनी अंगणातला डोंगा पुन्हा हातात घेतला. पुढच्या आणि मागच्या टोकाला पत्र्याच्या हवाबंद पेट्या जोडल्या. प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी टाकून बुडबुडा येतो का, ते भूमिका पाहायची आणि "आबाजी, इथून लीक है," असं सांगत त्यांना चार वेळा वेल्डिंग करायला लावायची.

ऑगस्टमध्ये मासेमारी सुरू होण्याच्या दिवशी सगळी समिती काठावर जमली. आनंदरावांनी तेजरामांना बोलायला सांगितलं. प्रवीणची मंडळी पुढेच उभी होती. तेजरामांनी धोंडबांचा हात धरून त्यांना सर्वांसमोर आणलं.

"त्या दिवशी यानं मले वाचवलं," ते म्हणाले. "मी याले नाही. मी बुडत होतो. मी तुमाले खोटं सांगतलं."

पुढची मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. मग मागून कोणीतरी म्हणालं, "धोंडबाकाकांनं?" आणि हशा पिकला. तो हशा कोणाला टोचणारा नव्हता. तेजरामही हसले.

"मी चौतीस वर्सं नव्या पोरायले हेल्मेटसाठी दटावलं," ते पुढे म्हणाले. "अन् पान्यावर सोताच उघडा आलो. पोहणं माह्याजवळ होतं, ते कामी आलं नाही. जाकीट याच्याजवळ होतं, ते दोघांच्याही कामी आलं. बस, मले एवढंच सांगाचं होतं."

मग त्यांनी टेम्पोतून आणलेला डोंगा पाण्यात ढकलायला लावला आणि बादल्यांनी तो काठोकाठ भरवला. पाण्याने गच्च भरलेला डोंगा पाण्याच्या पातळीपर्यंत खाली गेला, पण बुडाला नाही. प्रवीण आणि त्याचे दोन साथी त्याला बाहेरून धरून लोंबकळले, तरी तो तरंगत राहिला. बायका टाळ्या वाजवू लागल्या. तीन जणांनी तिथल्या तिथे आपल्या डोंग्याला अशा पेट्या लावून मागितल्या. प्रवीण ओलाचिंब होऊन वर आला आणि आनंदरावांपुढे जाऊन उभा राहिला.

"मामाजी, आमचे जाकिटं वापस द्या जी," तो म्हणाला.

त्या दिवशी जितके डोंगे सुटले, त्या सगळ्यांत नारिंगी जॅकेटं होती. काठावर बसून सिंधुताई आणि भूमिका ती मोजत होत्या. आणि काठालगतच्या कमरेइतक्या पाण्यात सहासष्ट वर्षांचे धोंडबा हातपाय मारायला शिकत होते. तेजराम त्यांच्या पोटाखाली हात धरून उभे होते. दोघांच्याही अंगात जॅकेट होतं.

वाचकहो, आपल्यापैकी प्रत्येकाला काही ना काही उत्तम येतं. कोणाला पोहता येतं, कोणाला गाडी चालवता येते, कोणी उंचावर सहज चढतो. सुरक्षिततेचं साधन हा त्या कौशल्याचा अपमान नव्हे. ज्या दिवशी कौशल्य हात सोडून देतं, त्या एका दिवसासाठी ते असतं, आणि तो दिवस आधी कळवून येत नाही. म्हणून नियम कोणी पाहत असो वा नसो, तो आपणच पाळावा. आणि कधी चुकलो, तर ती चूक मोठ्याने सांगण्याचं धैर्य आपल्यात असावं. आपण लपवलेली चूक दुसऱ्या कोणाला तरी बुडवू शकते. कबूल केलेली चूक कित्येकांना काठावर आणते.