शौकतभाईंच्या डब्यातल्या गोळ्या

आमच्या ह्यांना वस्तू हातात घेतली की निकाल द्यायची भारी घाई. वाळूजच्या कारखान्यात जन्मभर माल तपासला, ती खोड अजून गेलेली नाही. भाजीवालीसुद्धा ह्यांना लांबून बघून भेंडी झाकते.

रायफल क्लबात तर ह्यांचाच शब्द शेवटचा, श्रीधरराव म्हणतील ती पूर्वदिशा. हे आणि शौकतभाई सरावाची काडतुसं स्वतः भरायचे, परवाना काढून, रीतसर. शौकतभाईंचं औरंगपुऱ्यात चष्म्याचं दुकान होतं. ते उन्हाळ्यात गेले. क्लबाच्या वार्षिक स्पर्धेला त्यांचं नाव द्यायचं जवळपास ठरलं होतं, आणि त्याच सुमारास त्यांची मुलगी कहकशा पत्र्याचा एक डबा घेऊन क्लबात आली. मीही तिथंच होते. डब्यात नुसत्या गोळ्या होत्या, काडतुसाच्या तोंडाशी बसवतात त्या. जुन्या लष्करी मालातल्या दिसत होत्या, पण वर नाव नाही की खूण नाही.

"काका, अब्बांच्या कपाटात होत्या. कुठल्या आहेत ते बघा ना. पोरांच्या सरावाला चालल्या तर ठेवून घ्या."

ह्यांनी लोहचुंबक लावलं, काट्यावर वजन केलं, कॅलिपरनं जाडी मोजली. मग एक गोळी उजेडात फिरवली आणि ह्यांच्या कपाळाला आठी पडली. गोळीवर ओरखडे होते.

"ह्या झाडलेल्या गोळ्या आहेत. नळीतून गेल्याशिवाय असे चरे पडत नाहीत," हे सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "लष्कराच्या मैदानावरच्या मातीतून उकरून आणल्यात. ही चोरी झाली. शौकत असलं काही करेल असं वाटलं नव्हतं."

कहकशाच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं पुसलंही नाही. डबा तसाच टाकून ती निघून गेली, आणि स्पर्धेच्या नावाचा विषय तिथंच बारगळला. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. पण मी तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी कमिटीला पटवायचं म्हणून ह्यांनी स्वतःच्या एका काडतुसातली कोरी गोळी पकडीनं उपसली. कोरी कशी असते आणि झाडलेली कशी, हे शेजारी शेजारी ठेवून दाखवणार होते. भिंग लावून बसले ते बसलेच. चहा निवला.

"काय झालं?" मी विचारलं.

"ह्या कोऱ्या गोळीवरही तसेच ओरखडे आलेत. नळीचे चरे तिरके असतात. हे सरळ आहेत, पकडीचे." मग डब्यातली एक गोळी माझ्यापुढं धरली. तिच्या कमरेला खोल वळ होता. "गोळी बसवताना काडतुसाचं तोंड इतकं आवळतो तो फक्त मी. शौकत हसायचा मला. पद्मजा, ह्या माझ्या काडतुसांतल्या आहेत."

आम्ही तडक शौकतभाईंच्या घरी, गुलशनभाभींकडं गेलो. त्यांनी आधी पाणी दिलं, बसा म्हणाल्या. लेकीनं सगळं सांगितलं होतं, तरी.

"भाऊ, काडतुसं भरताना तुमच्या हातनं एकदा दारू चुकली होती," त्या हळूच म्हणाल्या. "कुठं जास्त, कुठं कमी. आमच्या ह्यांना संशय आला. स्पर्धेच्या आदल्या दिवशी तुमची काडतुसांची पेटी उचलून आणली आणि आपली तिथं ठेवली. तुमची लई धोक्याची होती. इथं बसून एकेक गोळी उपसली. मला म्हणाले, श्रीधरभाऊला सांगू नको, मन खाईल त्याचं."

त्या स्पर्धेचं पदक आमच्या दिवाणखान्यात आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला हे ते हातात देतात.

"मी आत्ताच कमिटीला सांगतो," हे म्हणाले.

"नका सांगू. एवढी वर्षं त्यांनी झाकलं, मी कशाला उघडं करू? नाव नाय दिलं तरी चालंल."

"तुम्ही म्हणत असाल तर..." हे म्हणाले, आणि ह्यांचे खांदे सैल पडले. सुटल्यासारखा झाला चेहरा. दाराशी उभ्या कहकशानंही तो पाहिला. क्लबात वाटली नव्हती इतकी लाज मला तेव्हा वाटली.

"नाही भाभी," मी म्हटलं. "रविवारच्या बैठकीत हे सगळ्यांसमोर बोलतील. चोरी म्हणाले तेही सगळ्यांसमोरच म्हणाले होते."

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. मग कहकशाला विचारलं, "तू येशील?"

"येईन," ती म्हणाली. "पण बाहेर थांबेन. तुमचं बोलणं कानावर आलं तर आत येईन, काका."