येतो की जातो

मामांचं खरं नाव आता त्यांच्या भाचरांनाही आठवून सांगावं लागतं. उभी हयात छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना 'कानामात्रा' म्हणत, आणि तोंडावर मामा. ऱ्हस्वाचं दीर्घ झालेलं दिसलं की या माणसाच्या पोटात कळ येई. औषधाच्या पाकिटावरच्या चुका आधी काढायच्या, गोळी मग.

असा माणूस भाचीने कुत्रा सांभाळायला बोलावला, यात तिचं चुकलं असं कोणी म्हणू नये. ती आणि जावई महिनाभर बाहेर जाणार होते, मामा एकटेच होते, आणि कुत्रा गुणी होता. ढब्बू त्याचं नाव. खाऊनपिऊन सुखी, कोणाच्या अध्यात ना मध्यात. "त्याला काही बघावं लागत नाही," भाची म्हणाली होती, आणि ते बरंचसं खरंही होतं.

पहिल्याच सकाळी मामा दूध आणायला निघाले. चपला घातल्या, दार उघडलं आणि ढब्बूला सभ्यपणे सांगितलं, "जातो."

ढब्बूने छताकडे तोंड करून असा गळा काढला, की घरात कोणी गेलंय असंच वाटावं. खालच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. त्या हातातला चिमटा न ठेवताच धावत वर आल्या.

"अहो, काय करताय त्याला? बाकावरच्या लोकांना वाटतंय, आवाज माझ्या खुर्चीतून येतोय. दोघं उठून गेलेसुद्धा!"

मामांनी भाचीला फोन लावला.

"निघताना काय म्हणालात?" तिने विचारलं.

"जातो म्हणालो."

"अहो मामा! जातो कोणी म्हणतं का? येतो म्हणायचं. आम्ही रोज तेच म्हणून बाहेर पडतो. त्याला तेवढंच कळतं."

"पण मी जातच होतो. येणं पुढचं. ते आधीच कसं सांगू?"

"मामा, तो कुत्रा आहे. त्याच्यापुढे व्याकरण काढू नका."

वाद व्याकरणाचा नव्हताच, पण ते तिला कसं सांगणार? मामी होत्या तोवर मामाही चारचौघांसारखे 'येतो' म्हणूनच घराबाहेर पडत. मग इस्पितळात मामींना शस्त्रक्रियेला आत नेलं, तेव्हा त्या खाटेवरून हात हलवत म्हणाल्या, "येते हं." त्या आल्या नाहीत. दुःख झालं ते झालंच, पण मामांना त्या शब्दाचा रागही आला. जन्मात खोटं न बोललेल्या बाईच्या तोंडी तो शेवटची चूक घालून गेला होता. तेव्हापासून मामांनी तो शब्द खोडून टाकला. लग्नघरून निघतानाही ते यजमानांना खणखणीत "जातो" म्हणत. लोक चरकत. मामा म्हणत, चूक दाखवा.

पण ढब्बूच्या गळ्यापुढे कोणाचं चालणार? अडला हरी गाढवाचे पाय धरी, इथे कुत्र्याचे होते एवढंच. दुसऱ्या दिवशी मामांनी तोंड फिरवून, कडू काढा घ्यावा तसा, तो शब्द कसाबसा उच्चारला. ढब्बू पायपुसण्यावर अंगाचं वेटोळं करून पडला. मामा दूध घेऊन आले, तेव्हा तिथेच शेपूट आपटत होता.

पुढचा महिना कसा गेला ते दोघांनाही कळलं नाही. मामा वर्तमानपत्रातल्या चुका मोठ्याने वाचून दाखवत आणि ढब्बू त्या गंभीरपणे ऐकून घेई. इतका समजूतदार श्रोता मामांना छापखान्यात कधी मिळाला नव्हता.

मग निघायचा दिवस उजाडला. छापखान्यातले जुने दोस्त, एक खिळे जुळवणारा जुळारी आणि एक बाइंडर, दूरच्या गावी शेजारी शेजारी राहत आणि मामांना कधीपासून बोलावत होते. मामांचं उत्तर ठरलेलं असे: बघू. या खेपेला मात्र तिकीट काढलं होतं. बस सकाळची, भाची दुपारी पोचणार. मित्रांकडून मामा परस्पर आपल्या घरी जाणार होते. म्हणजे 'येतो' म्हणणं धडधडीत खोटं, आणि 'जातो' म्हणावं तर खाली डॉक्टरीणबाई कोणाची तरी दाढ उपटत होत्या.

मामांनी तिसरी वाट धरली. ढब्बूपुढे बिस्किटं टाकली, चपला हातात घेतल्या आणि चोरासारखे दाराशी गेले. ढब्बू त्यांच्या आधीच तिथे हजर होता. बिस्किटं तशीच टाकून तो मामांच्या तोंडाकडे बघत होता.

"सुखी राहा," मामा म्हणाले. ढब्बूची मान वर झाली.

"भेटू कधीतरी." मान आणखी वर.

"बरंय मग." ढब्बूच्या घशातून आवाज सुरू झाला. खालून डॉक्टरीणबाईंनी झाडूच्या दांड्याने छत ठोकलं.

"येतो रे बाबा, येतो!" मामा म्हणाले.

ढब्बू निमूटपणे पायपुसण्यावर जाऊन पडला. मामांनी दार ओढून घेतलं, आणि जिन्यावर त्यांचा पाय उचलेना. त्या शब्दावर विसंबून दाराकडे बघत बसणं काय असतं, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. पण बस काही कोणासाठी थांबत नाही.

खिडकीशी बसून ते स्वतःचा तो 'येतो' पुन्हा पुन्हा तपासत राहिले. खोटं बोलायचं म्हणून काही ते बोलले नव्हते. त्या घटकेला त्यांना खरोखरच परत यावंसं वाटलं होतं. मग मामी तरी काय वेगळं बोलल्या होत्या? त्यांनाही यायचंच होतं. इतक्या वर्षांत हे कसं सुचलं नाही, म्हणून मामा स्वतःवरच चिडले आणि त्यांनी शेजारच्या माणसाला नको असताना एक बिस्कीट दिलं.

संध्याकाळी जुळारी, बाइंडर आणि मामा हसून हसून डोळे पुसत असताना भाचीचा फोन आला.

"मामा, आम्ही आलो तर हा नाचला काय, चाटलं काय! पण पुन्हा जाऊन दाराकडे तोंड करून बसलाय. जेवायला उठत नाही. काय सांगून गेलात त्याला?"

"येतो म्हणालो."

"अगंबाई! तुम्ही? मग आता काय करायचं?"

"करायचं काय?" मामा चष्मा पुसत म्हणाले. "त्याला जेवायला घाल. घरी जायच्या आधी मी तिकडे येतो. एकदा छापून गेलंय, आता यायलाच हवं."