भोंगऱ्याच्या दिवशी प्रॅक्टिकल

"मॅडम, बठ्ठा पोरे भोंगऱ्याले गयात. आते कोनी येवाव नही," प्रयोगशाळेतला शिपाई झुलाल दारातूनच म्हणाला आणि वर हसलाही.

चोपड्याकडच्या त्या कॉलेजात रसायनशास्त्राची प्रॅक्टिकल परीक्षा घ्यायला हेमलता जळगावहून आली होती. टेबलांवर ब्युरेट मांडून तयार आणि पोरांचा पत्ता नाही! होळीआधीचा, आदिवासींच्या ढोल-नाचाचा भोंगऱ्या बाजार भरला की सातपुड्याच्या पायथ्याचं पोर वर्गात सापडत नाही, हे तिला कोणी सांगायला नको होतं. ती तिथलीच.

आणि आज तिचे वडील करमसिंग भोंगऱ्यात शेवटचा ढोल वाजवणार होते. "खांदा ऐकत नाही आता. पुढच्या वर्षी ढोल दुसऱ्याला देतो. तू येशील का?" असं त्यांनी काल फोनवर विचारलं होतं. "पाहते, बा," ती म्हणाली. नोकरी लागल्यापासून कॉलेजनं बोलावलं की ती धावायची. घरच्यांच्या वाट्याला 'पाहते' यायचं. करमसिंग समजून गेले, 'बरं' म्हणून त्यांनी फोन ठेवला. तेच तिला डाचत होतं.

इथल्या विभागप्रमुख प्रमिलाबाई पेन उघडून बसल्या. "सगळे गैरहजर लावू. नियम म्हणजे नियम."

"पोरांचं वर्ष जाईल, मॅडम."

"मग यायचं होतं परीक्षेला."

"तारीख तर आपणच लावली ना? भोंगऱ्या कधी, हे कोणी पाहिलं होतं?" हेमलताचा आवाज चढला. "विद्यापीठात फोन करा. उद्या रविवारी मी येते."

प्रमिलाबाईंनी कुरकुरत फोन लावला. पलीकडून चक्क होकार आला. "जा आता," त्या म्हणाल्या, "आणि उद्या येताना गुळाची शेव आणा!"

बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. नाचणारी चार पोरं तिला पाहून जागीच थिजली. करमसिंगभाऊंची पोरगीच परीक्षा घ्यायला येणार, हे त्यांना ठाऊक होतं.

"मॅडम, आमची परीक्षा..."

"उद्या सकाळी. आज नाचा!"

पोरांनी अशी काही आरोळी ठोकली की शेववाल्यानंही मान वर केली.

वाट काढत ती ढोलापाशी पोचली. करमसिंग खाली मान घालून वाजवत होते. कोणीतरी ओरडलं, "करमसिंगभाऊ, पोरगी आली!" त्यांनी वर पाहिलं, आणि उभ्या आयुष्यात ताल न चुकलेल्या त्या माणसाचा हात हवेतच राहिला. नाचणारेही थांबले. कोणी रागावलं नाही.

"वाजव ना, बा," हेमलता म्हणाली, आणि ढोल पुन्हा सुरू व्हायच्या आधीच नाचायला लागली.